दशमुळांचा सातबारा : वनाची मालकी, दीर्घ मुदतीचा आराखडा आणि आपला व्यवसाय

चिकित्सेच्या चार पादांपैकी द्रव्य हा एक पाद होय, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून पाठ करीत आलो आहोत. त्या द्रव्याचे चार गुण सांगताना चरकाचार्यांनी आरंभीच ‘बहुता’ हा शब्द योजला आहे. द्रव्य गुणकारी असावे, रोगास योग्य असावे, त्याच्या अनेक कल्पना करता याव्यात, हे सर्व खरेच. परंतु त्याआधी ते विपुल असावे लागते. परीक्षेत या शब्दावर फारसे प्रश्न येत नसत. त्यामुळे आम्हीही अनेक वर्षे तो ओलांडून पुढे जात राहिलो. आज व्यवसायाची वीस वर्षे उलटल्यावर मात्र हाच शब्द सर्वांत जड वाटू लागला आहे. द्रव्याची बहुता वैद्याच्या हाती नसते, औषधशाळेच्या हातीही नसते. ज्या जमिनीवर ते उगवते त्या जमिनीचा मालक कोण, आणि त्या मालकाने पुढील किती वर्षांचा विचार केला आहे, यावर ती अवलंबून असते. प्रस्तुत लेखात दशमूळ हे एकच उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. एका सूतिकेस आम्ही दशमूळ क्वाथ दिला होता. कटिशूल आणि अंगमर्द अपेक्षेप्रमाणे कमी होईना. निदान पुन्हा तपासले, मात्रा तपासली, काढा घरी कसा उकळतात तेही विचारून घेतले. शेवटी भरडीची पिशवी कागदावर ओतून एकेक तुकडा भिंगाखाली धरला. बहुतेक तुकडे सालीचे होते आणि त्यांच्या पाठीवर दगडफुलाचे पांढुरके, करडे डाग होते. दगडफूल उजेडात आणि हवेत वाढते. मातीखालच्या मुळावर ते येत नाही. अर्थात आम्ही दशमूळ म्हणून दिलेल्या द्रव्यात मूळ जवळजवळ नव्हतेच. ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला होता त्यास विचारले असता तो जे म्हणाला ते आम्हास विसरता येत नाही. “डॉक्टरसाहेब, मूळ खणायचे तर झाड जाते, आणि झाड ज्याचे आहे तो खणू देत नाही. साल रात्रीतून निघते.” त्याचा आम्हास राग आला, परंतु त्याने एका वाक्यात वनव्यवस्थापनाचा अख्खा प्रश्न मांडला होता, हेही कबूल केले पाहिजे.

दशमुळांकडे वनस्पतीशास्त्राच्या नव्हे, तर जमिनीच्या दृष्टीने पाहिले की त्यांचे दोन स्पष्ट गट दिसतात. बृहत्पंचमूळ म्हणजे बेल, टेटू, पाडळ, शिवण आणि अग्निमंथ. आपल्या विदर्भात अग्निमंथ म्हणून जी अरणी घेतली जाते ती शेताच्या कुंपणावरही आढळते. ती सोडली तर उरलेली चारही मोठी झाडे आहेत. खणण्याजोगे मूळ देण्यास त्यांना अनेक वर्षे लागतात, आणि टेटू, पाडळ यांचा खरा आश्रय म्हणजे राखलेले मोठे जंगल. याउलट लघुपंचमूळ म्हणजे सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू. यांना उंच जंगल लागत नाही. गुरे चरण्याचे माळ, नाल्याचे काठ, पडीक, बोरी-बाभळी आणि पळसाची झुडपे असलेली जमीन हे त्यांचे माहेर. म्हणजे एकाच काढ्यातील दहा द्रव्यांपैकी निम्मी वनखात्याच्या जंगलातून येतात आणि निम्मी, आमच्या जिल्ह्यात ज्यास ‘झुडपी जंगल’ म्हणतात, त्यातून. या दोन्ही जमिनींची मालकी वेगळी, त्यांचा इतिहास वेगळा आणि त्यांच्या दुखण्याचे कारणही वेगळे आहे.

आमचे रोहणा पुलगावहून आर्वीकडे जाताना लागते. एकेकाळी कापूस वाहणारी अरुंद रुळांची रेल्वे या गावावरून जात असे. भोवती काळी जमीन; कापूस, तूर, सोयाबीन, कोठे संत्र्याच्या बागा. येथे कोणी ‘वन’ शोधू लागला तर त्याला ते दिसणार नाही. परंतु जुन्या कागदांत ते आहे. वर्धा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता आणि येथे मालगुजारीची पद्धत होती. गावाचे रान मालगुजाराच्या ताब्यात असे, आणि सरपण, चराई, औषधी वनस्पती, घरबांधणीचे लाकूड यांसाठी गावकऱ्यांचे ‘निस्ताराचे’ हक्क चालत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ही राने शासनाकडे आली. यांपैकी ज्या जमिनीवर मोठे लाकूड नव्हते, केवळ झुडपे होती, ती महसुली कागदात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. वर्ध्यासह नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे.

या नोंदीने एक विचित्र स्थिती निर्माण केली. जमीन महसूल खात्याची, नाव जंगलाचे, आणि आराखडा कोणाचाच नाही. १९८० चा वन (संवर्धन) अधिनियम आल्यावर ही जमीन वन समजावी की नाही याविषयी वाद सुरू झाला तो दशकानुदशके चालला. मधल्या काळात त्यावर शाळा, घरे, रस्ते, स्मशाने झाली, काही ठिकाणी शेती झाली आणि बरीच जमीन नुसती उजाड झाली. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच होय, असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनींचे वाटप झाले त्यांच्यासाठी केंद्राच्या मंजुरीचा मार्ग मोकळा ठेवण्यात आला; आणि वाटप न झालेले, कोणत्याही वनास लागून नसलेले, तीन हेक्टरांहून लहान असे विखुरलेले तुकडे ‘संरक्षित वन’ म्हणून घोषित करावेत, असे सांगण्यात आले. वृत्तपत्रांतून या निकालाची चर्चा घरे आणि विकासकामे यांच्या अंगाने झाली, ते स्वाभाविकही आहे. परंतु लघुपंचमुळाच्या अंगाने त्याचा विचार केल्याचे आमच्या तरी वाचनात आले नाही. आपल्या रिंगणी-गोखरूच्या जमिनीस प्रथमच निश्चित दर्जा मिळत आहे. त्या दर्जाबरोबर आराखडा येणार, आणि त्या आराखड्यात काय लिहिले जाणार, हा आपल्या व्यवसायाचा प्रश्न आहे.

काय लिहिले जाईल याची काळजी वाटण्यास कारण आहे, आणि ते वनशास्त्राच्या इतिहासात आहे. वनातून दर वर्षी तेवढेच घ्यावे जेवढे ते पुन्हा वाढवू शकते, हा विचार युरोपात ग्रंथरूपाने मांडला तो सॅक्सनीच्या खाणप्रशासनातील हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी, १७१३ मध्ये. खाणी आणि चांदी गाळण्याच्या भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागले होते, त्यातून तो विचार जन्मला. पुढे जर्मन परंपरेत वाढलेले डीट्रिच ब्रॅंडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि हीच पद्धत येथे आली. क्षेत्र मोजावे, कूप पाडावेत, आवर्तन ठरवावे आणि प्रत्येक वनविभागाची ‘कार्य आयोजना’ लिहावी. ती आजही साधारणपणे दहा वर्षांसाठी लिहिली जाते. पद्धत उत्तम आहे, असेच आमचे मत आहे. आपल्या औषधशाळांपैकी कितींनी दहा वर्षांचा आराखडा केला आहे? दोष पद्धतीत नाही. तिने जे मोजले त्यात आहे. तिने लाकूड मोजले. सागाचे आवर्तन साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षांचे धरले गेले. परंतु टेटूचे मूळ किती वर्षांनी काढावे याचे आवर्तन कोणी धरले नाही. जुन्या आयोजनांमध्ये ‘वेली तोडणे’ हे एक नियमित काम असे, कारण वेलीमुळे सागाची सरळ वाढ बिघडते. त्या वेलींत गुळवेल असते, मालकांगोणी असते, विदारीकंद असतो, कुहिली असते. वनशास्त्राच्या दृष्टीने तो अडथळा होता आणि आपल्या दृष्टीने अर्धा निघंटू. २०२० मध्ये गुळवेलीस जी मागणी आली ती आठवा, म्हणजे या विसंगतीची कल्पना येईल.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. ‘लाकूड मोजणारे खाते’ दूर झाले आणि जंगल कोणाचेच राहिले नाही, तर काय होते हे चारोळीच्या झाडांनी दाखविले आहे. फळ पिकेपर्यंत थांबले तर दुसरा कोणी नेईल, या भीतीने कच्ची फळे उतरविली जातात, फांद्या छाटल्या जातात आणि काही ठिकाणी झाडच आडवे केले जाते. आवळ्याचेही तेच. आपल्याकडे आवळीनवमीस झाडाखाली भोजन करण्याची रीत आहे. त्या तिथीआधीच गोण्या भरून बाजारात आलेले कोवळे आवळे आम्ही पाहिले आहेत. च्यवनप्राशासाठी पाचशे फळे मोजून घेताना ती कोणत्या महिन्यात उतरली हे आपण विचारतो का? ज्यास एकाच हंगामाचा हक्क आहे त्याचा विचारही एकाच हंगामाचा असतो. यात संकलन करणाऱ्याचा लोभ शोधण्यापेक्षा त्याच्या हक्काची मुदत पाहावी.

हक्काची मुदत वाढली की वर्तन कसे बदलते, याचे पुरावे आपल्याच विदर्भात आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासींची मानली, आणि त्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे, कंद, मध यांचा नावानिशी समावेश केला. गावाच्या पारंपरिक सीमेतील वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही दिला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. देशात तो सर्वप्रथम मिळविणाऱ्या गावांपैकी हे एक. त्याआधी कित्येक वर्षे श्री. देवाजी तोफा आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने गावात अभ्यासगट चालत होते आणि निर्णय सर्वसहमतीने होत होते. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की त्यांच्या अभ्यासाचा एक विषय मध हा होता : पोळे जाळून, माश्या मारून मध काढण्याऐवजी माश्या जगतील अशा रीतीने तो कसा काढावा. उद्याही हे पोळे आपलेच आहे याची खात्री असलेला माणूसच असा अभ्यास करतो. २७ एप्रिल २०११ रोजी या ग्रामसभेस बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले, तेव्हा मालकीचा अर्थ कागदाबाहेर आला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण आम्हास याहूनही बोलके वाटते. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले. तेंदूचा पैसा रोख आणि लवकर मिळणारा असतो, हे विदर्भातील वाचकांस सांगावयास नको. परंतु कोवळ्या पानांसाठी झाडे छाटावी लागतात, रानास आग लावली जाते आणि फळ येतच नाही. तो पैसा सोडून गावाने बांबूच्या शिस्तबद्ध तोडीवर भर दिला आणि जंगलाचा एक भाग अजिबात हात न लावता राखून ठेवला. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात पायविहीर आहे. २०१२ मध्ये हक्क मिळालेल्या या गावाचा वाटा म्हणजे उजाड टेकड्या होत्या. गावाने त्या राखल्या, लागवड केली, सीताफळ स्वतः बाजारात नेले, आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळविला. अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयाच्या संशोधनासाठी. सामाईक साधनसंपत्ती वापरणाऱ्यांनी नियम स्वतः केले, राखणही स्वतः केली आणि मोडणाऱ्यास दंडही स्वतः केला, तर ती टिकू शकते, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविले. सर्वच ग्रामसभा अशा आहेत, असा आमचा दावा नाही. हक्क मिळूनही कंत्राटदाराच्या खिशात गेलेली गावे असू शकतात. तरीही ज्याच्याशी दहा वर्षांचा शब्द देता-घेता येईल असा पक्ष आपल्यासमोर प्रथमच उभा आहे.

येथे आपल्या बाजूचे थोडे परखड बोलणे भाग आहे. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमात वैद्य-हकिमांना सूट होती. औषधनिर्मात्यांनी मात्र लाभातील वाटा द्यावा की नाही, यावर वाद होता. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशी कंपन्यांनाही तो द्यावा लागेल असा निर्णय दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, नोंदणीकृत आयुष चिकित्सक, संहितोक्त ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना सवलती मिळाल्या. कागदपत्रांचा ताप कमी झाला याचा आनंद आम्हासही झाला. परंतु सूट शुल्कातून मिळाली आहे, टंचाईतून नव्हे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या वतीने झालेल्या २०१४-१५ च्या अभ्यासात व्यापारातील ११७८ प्रजाती मोजल्या गेल्या. त्यांपैकी २४२ प्रजातींचा वार्षिक व्यापार प्रत्येकी शंभर टनांहून अधिक होता आणि एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती. औषधे नियमांतील १५७-अ नुसार औषधशाळांनी कच्च्या मालाची वार्षिक नोंद ठेवावयाची असते. ती नोंद करताना ‘कोठून’ या प्रश्नापुढे आपण व्यापाऱ्याचे नाव लिहून मोकळे होतो. आमच्याही वहीत तेच होते. दगडफुलाच्या त्या प्रसंगानंतर आम्ही एक रकाना वाढविला : जिल्हा, रान कोणाचे, कोणत्या महिन्यात काढले. पहिल्या वर्षी हा रकाना जवळजवळ कोराच राहिला. तो कोरा आहे हे दिसू लागले, एवढाच त्या वर्षाचा लाभ.

संहितांनी काळाचा नियम दिलाच आहे. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे आपापल्या ऋतूत. यास आता क्षेत्राचा आणि आवर्तनाचा नियम जोडावा लागेल. बेल, टेटू, पाडळ यांच्या आडव्या मुळांतून नवे कोंब फुटतात. त्यामुळे खोडापासून दूर, एकाच बाजूस चर खणून काही मुळे घ्यावीत, चर बुजवावा आणि त्या झाडास पुढे काही वर्षे हात लावू नये, अशी पद्धत बसविता येते. अशा रानाचे दहा भाग पाडले तर दर वर्षी एकच भाग खणला जाईल. वनखात्याच्या कूप-पद्धतीचे हेच तत्त्व, फक्त लाकडाऐवजी मुळासाठी. रिंगणी आणि गोखरू फळ पिकून बी सांडल्यावरच उपटावेत. शतावरीचा गड्डा समूळ न काढता बाहेरच्या मुळ्या घेऊन कोंब पुन्हा मातीत दाबावा. मुळाऐवजी खोडाची साल किंवा कोवळ्या फांद्या वापरता येतील काय, यावरही आपल्या काही संस्थांत तुलनात्मक काम झाले आहे. ते पुढे न्यावे. पण निष्कर्ष पक्का होईपर्यंत मुळाच्या नावाने साल विकली जाऊ नये. आणि असा माल महाग पडेल, हे आधीच मान्य करावे. दहा वर्षे थांबणाऱ्याचा भाव आणि रात्रीतून साल काढणाऱ्याचा भाव एक असू शकत नाही. मोठ्या औषधशाळा ग्रामसभांशी थेट करार करू शकतील. आमच्यासारख्या तालुक्याच्या वैद्यांनी दहा-पंधरा जणांची एकत्र मागणी नोंदविली तरच ती ग्रामसभेच्या आराखड्यात धरण्याजोगी होईल. हे काम आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी करण्यासारखे आहे.

जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायाचा आरंभ वाचकांस आठवत असेल. कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठी, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरत असताना अग्निवेशास सांगतात की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा. नंतर त्यांत रस, वीर्य, विपाक, प्रभाव उरणार नाहीत. आजवर आम्ही हा उपदेश साठवणुकीचा समजत होतो. नीट वाचले तर तो जमिनीच्या नाडीपरीक्षेचा आहे. आचार्य रुग्णालयात बसून बोलत नाहीत. ते रानात चालत आहेत. औषधी नाव-रूपाने ओळखणारे म्हणून चरकांनी अन्यत्र गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांचा उल्लेख केला आहे, तोही याच संदर्भात घ्यावा.

म्हणून गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही गावातील एका वृद्ध गुराख्यास बरोबर घेऊन रोहण्याच्या शिवारातील झुडपे पाहण्यास निघालो. पूर्वी तेच आम्हास शतावरी आणून देत. आता गुडघ्यांमुळे दूर जात नाहीत, आणि दूर जाण्याजोगे रानही फारसे उरलेले नाही. हाती लघुपंचमुळाची यादी होती. रिंगणी आणि गोखरू वाटेवरच मिळाले. डोरली धुऱ्याच्या कडेला दिसली. तिच्यावर तणनाशकाचे फवारे उडालेले होते. सालवण नाल्याच्या सावलीत मोजून सात झाडे. पिठवण दाखवा म्हटल्यावर बाबा बराच वेळ उभे राहिले आणि काठीने एका उतरत्या पडिकाकडे बोट करून म्हणाले, “तिथं होती, लेका. तुह्या बापाच्या वेळेस.” त्या पडिकाचा गट क्रमांक आम्ही टिपून घेतला. तो तीन हेक्टरांहून लहान असावा, असा आमचा अंदाज आहे. तलाठी कार्यालयातून निस्तारपत्रकाची नक्कल हाती आली की निश्चित कळेल. उन्हाळ्याअखेर बी मिळाल्यास त्या ठिकाणी पिठवण पुन्हा लावून पाहावी असा विचार आहे. ज्या वैद्यबंधूंच्या परिसरात ती अद्याप नैसर्गिक स्थितीत आहे, त्यांनी मूठभर बियांसाठी आम्हास अवश्य कळवावे.